लात्व्हियन विचारांचा इतिहासकार आणि त्याच्या कामाचे मोजमाप

इमान्युएल कान्टच्या 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' या ग्रंथाची पहिली आवृत्ती 1781 साली निघाली. तिच्या मुखपानावर कान्टच्या कोनिग्सबर्गचे नाव नाही, बर्लिनचे नाही आणि लाइपझिगचेही नाही. तेथे रिगा या शहराचे नाव आहे आणि योहान फ्रीडरिश हार्टक्नोख या तेथील ग्रंथविक्रेत्या प्रकाशकाचे. छपाई हाले या गावी झाली होती, पण पुस्तक जगापुढे आले ते रिगाच्या नावाने. 1785 आणि 1788 मधील कान्टचे नीतिविषयक दोन महत्त्वाचे ग्रंथही याच प्रकाशकाने काढले. रिगा त्या काळी रशियन साम्राज्यातले बंदर होते. व्यापार, चर्च आणि शाळा जर्मन भाषकांच्या हाती होत्या, आणि शहराबाहेरच्या शेतांवर राबणारे लात्व्हियन भाषक शेतकरी जमीनदारांचे भूदास होते. कान्टचा ग्रंथ रिगातून निघाला, ही घटना लात्व्हियाच्या वैचारिक इतिहासातली मानायची की केवळ एका जर्मन प्रकाशकाच्या धंद्याच्या इतिहासातली, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. मात्र ज्याने लात्व्हियन विचारांचा इतिहास हाच आयुष्यभराचा विषय म्हणून पत्करला आहे, त्या तत्त्वज्ञाला अशाच प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते, आणि त्यांचे उत्तर शोधण्यात त्याची वर्षे जातात.

अशा माणसाची विद्यापीठातली कारकीर्द कशी घडते, तिचे मोल कोण ठरवते आणि कशाच्या आधारे ठरवते, हा या लेखाचा विषय आहे. लात्व्हियात डोसेंट (सहयोगी प्राध्यापकाच्या खालचे पद), सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या पदांवर सहा सहा वर्षांच्या मुदतीसाठी निवड होण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. मुदत संपली की माणसाने पुन्हा आपल्या कामाचा हिशेब मांडायचा आणि पुन्हा निवडून यायचे. या हिशेबात गेल्या दोन-तीन दशकांत 'स्कोपस' आणि 'वेब ऑफ सायन्स' या संशोधन-निबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचींत नोंदलेल्या निबंधांचे वजन वाढत गेले. या सूचींत इंग्रजी नियतकालिकांचा भरणा मोठा आहे, ग्रंथांना नियतकालिकांच्या मानाने कमी जागा आहे आणि छोट्या भाषांतील लेखनाला फारच थोडी. माझे म्हणणे असे की, वीस लाखांहून कमी वस्तीच्या देशाच्या वैचारिक इतिहासाचा अभ्यास या मापाने तोलला, तर अभ्यासकाबरोबर अभ्यासाचा विषयही हळूहळू नाहीसा होतो. ज्या समाजाला स्वतःचा विचार समजून घ्यायचा आहे, त्याने असे काम कोठे छापले आहे हे पाहण्यापूर्वी ते वाचले पाहिजे, आणि त्यासाठी उघडपणे पैसाही खर्च केला पाहिजे.

ही भूमिका केवळ मातृभाषेच्या अभिमानातून आलेली नाही. लात्व्हियन विचारांचा इतिहास मुळात एका भाषेत लिहिलेलाच नाही. जर्मन विचारवंत योहान गॉटफ्रीड हेर्डर 1764 ते 1769 अशी सुमारे पाच वर्षे रिगाच्या कॅथेड्रल शाळेत शिकवत होता. लोकगीतांत त्या त्या समाजाचे मन बोलते हा त्याचा विचार पुढे साऱ्या युरोपात पसरला, आणि 1778-79 मध्ये निघालेल्या त्याच्या लोकगीतसंग्रहात लात्व्हियन गीतेही आहेत. गार्लीब मेर्केल या पाद्र्याच्या मुलाने 1796 च्या अखेरीस लात्व्हियन भूदासांच्या हलाखीवर जळजळीत पुस्तक लिहिले, तेही जर्मनमध्येच, आणि ते लाइपझिगहून निघाले. गॉटहार्ड फ्रीडरिश स्टेंडर हा जर्मन पाद्री मात्र लात्व्हियन शेतकऱ्यांसाठी त्यांच्याच भाषेत लिहीत राहिला. त्याचा 1774 मधला 'थोर ज्ञानाचा ग्रंथ' हा लात्व्हियनमधला पहिला ज्ञानकोश समजला जातो. तारे, ढग आणि प्राणी यांच्याविषयी शास्त्रीय भाषेत बोलण्यासाठी लागणारे शब्द त्याने एकेक करून घडवले. पुढे 1850 च्या दशकात, आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या विद्यापीठात शिकणाऱ्या क्रिश्यानिस वाल्देमार्सने आपल्या खोलीच्या दारावर नावापुढे 'लात्व्हियन' असे लिहिलेली चिठ्ठी लावली. शिकलेला माणूस जर्मनच असणार हे गृहीत धरणाऱ्या समाजात त्या एका शब्दाची चर्चा झाली, आणि वाल्देमार्सभोवती जमलेल्या तरुणांतून 'तरुण लात्व्हियन' ही चळवळ उभी राहिली.

हा इतिहास वाचणाऱ्याला जर्मन तर हवीच, तीही गॉथिक वळणाच्या जुन्या छापातली. लात्व्हियन भाषाही 20 व्या शतकाच्या आरंभापर्यंत त्याच वळणात आणि जर्मन धर्तीच्या लेखनपद्धतीत छापली जात होती, म्हणून लात्व्हियन मातृभाषा असलेल्या आजच्या विद्यार्थ्यालाही आपल्या पणजोबांचे पुस्तक सवय केल्याशिवाय वाचता येत नाही. साम्राज्याचे दफ्तर रशियन भाषेत आहे. लॅटिन येत नसेल, तर धर्मसुधारणेच्या काळातील आणि त्यापूर्वीचे लेखन बंदच राहते. रिगात 1909 साली जन्मलेला विचारांचा इतिहासकार इसाया बर्लिन पुढे इंग्लंडमध्ये हेर्डरवर लिहिणार होता. ज्या रशियनभाषक ज्यू घरात तो वाढला ते घरही याच शहराच्या इतिहासाचा भाग आहे. चार-पाच भाषा आणि दोन-तीन लिप्या यांत हयात घालवलेल्या माणसाला 'तुम्ही इंग्रजीत किती लिहिले' एवढाच एक प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या कामातली मुख्य मेहनत हिशेबाबाहेर ठेवणे होय. एखाद्या विसरलेल्या व्याख्यानाची हस्तलिखित प्रत शोधणे, तिचा काळ ठरवणे, मूळ जर्मन शब्दाला लात्व्हियन लेखकाने कोणता पर्याय योजला आणि त्या पर्यायाने अर्थ कोठे सरकला हे दाखवणे, अशा कामातून वर्षाकाठी चार निबंध निघत नाहीत. दहा वर्षांनी त्यातून एक संपादित ग्रंथ निघतो.

लोकगीतांचे उदाहरण घेऊ. क्रिश्यानिस बारोन्सने 1894 ते 1915 या काळात 'लात्व्यू दाइनास' हा संग्रह सहा खंडांत प्रसिद्ध केला. त्यात 2,17,996 गीते आहेत, आणि त्यांच्या चिठ्ठ्या ज्या लाकडी कपाटात लावून ठेवल्या होत्या त्या कपाटाची नोंद 2001 साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या यादीत केली. बहुतेक गीते चार ओळींची आहेत. त्यांत देव आहे, सूर्यकन्या आहेत, दैवगती ठरवणारी लाइमा आहे. मराठी वाचकाला यात ओळखीचे काही सापडते, कारण लात्व्हियन भाषा संस्कृतच्या दूरच्या नात्यातली आहे: देवाला तेथे 'दिएव्स' म्हणतात, स्वप्नाला 'सप्निस' आणि अग्नीला 'उगुन्स'. या नात्याचा मोह तेथेही झाला. 1920 च्या दशकात एर्नेस्त्स ब्रास्तिन्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गीतांतून ख्रिस्तपूर्व लात्व्हियन धर्म पुन्हा उभा करण्याची 'दिएवतुरी' चळवळ सुरू केली. त्या गीतांत खरोखर काय आहे, संग्राहकांनी काय निवडले, आणि वाचणाऱ्यांनी आपल्या काळाची कोणती गरज त्यांत भरली, हे तीन धागे वेगळे करणे हे विचारांच्या इतिहासकाराचे काम आहे. ते त्याने इंग्रजी वाचकांसाठी केले तर जगाच्या ज्ञानात भर पडते. पण ज्या समाजात ती गीते आजही गायली जातात, त्या समाजाच्या भाषेत हे विवेचन झाले नाही तर तेथे भाबडी श्रद्धाच शिल्लक राहते.

आता प्रत्यक्ष कारकिर्दींकडे वळू. विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणारे पहिले लात्व्हियन म्हणून येकाब्स ओसिस यांचे नाव घेतले जाते. ते 1860 साली जन्मले आणि तार्तूला प्राध्यापक झाले. त्यांनी जर्मनमधून लिहिले. 1893 मध्ये त्या विद्यापीठाचे नाव युर्येव करून कारभार रशियन भाषेत आणला गेला तेव्हा त्यांना त्या भाषेत काम करावे लागले. मातृभाषेत तत्त्वज्ञान शिकवण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नाही, कारण तसे विद्यापीठ नव्हते. ते 28 सप्टेंबर 1919 रोजी, लात्व्हियाच्या स्वातंत्र्याला पुरते एक वर्षही झालेले नसताना आणि लढाया चालू असताना, रिगात सुरू झाले.

या नव्या विद्यापीठाने जो सर्वांत महत्त्वाचा तत्त्वज्ञ घडवला, त्याच्या आयुष्यात माझ्या मुद्द्याचा सारा पुरावा एकवटला आहे. तेओदोर्स त्सेल्म्स यांचा जन्म 1893 चा. 1920 च्या दशकात ते फ्रायबुर्गला एडमुंड हुसर्ल यांच्याकडे शिकले. हुसर्ल यांची फिनॉमेनॉलॉजी म्हणजे जाणिवेला वस्तू जशी प्रतीत होते तशी ती काटेकोरपणे वर्णन करण्याची पद्धती. बाह्य जग खरोखर आहे की नाही हा प्रश्न ही पद्धती तात्पुरता बाजूला ठेवते. त्सेल्म्स यांनी गुरूच्या नेमक्या याच पावलावर बोट ठेवले. प्रश्न बाजूला ठेवणे ही पद्धतीची एक पायरी आहे. जग जाणिवेवरच अवलंबून आहे हा चिद्वादी निष्कर्ष निराळा आहे, आणि पहिल्यातून दुसरा सिद्ध होत नाही, असे त्यांनी दाखवले. हुसर्ल अनेक जाणिवांचा परस्परसंबंध मांडतात तेव्हाही 'मीच एक आहे' या कोंडीतून ते सुटत नाहीत. त्या एकट्या 'मी'च्या जागी आपापल्यात बंदिस्त असे अनेक 'मी' येतात, एवढेच. या स्थितीला त्सेल्म्स यांनी अनेकवचनी अहंवाद असे नाव दिले. 'हुसर्लचा फिनॉमेनॉलॉजिकल चिद्वाद' हा त्यांचा जर्मन ग्रंथ 1928 साली निघाला. हुसर्ल यांनी दुसऱ्या 'मी'च्या प्रश्नाची जी विस्तृत मांडणी केली ती 1931 मध्ये फ्रेंच भाषांतरातून छापली गेली. त्याच 1931 मध्ये होसे गाओस यांनी त्सेल्म्स यांचा ग्रंथ स्पॅनिशमध्ये आणला.

हा ग्रंथ छापला कोठे? जर्मनीतल्या एखाद्या नामांकित प्रकाशकाने तो काढलेला नव्हता. तो लात्व्हिया विद्यापीठाच्या स्वतःच्या ग्रंथमालेत, रिगात छापला गेला. जेमतेम नऊ वर्षे वयाच्या विद्यापीठाने, एका छोट्या देशाच्या तुटपुंज्या तिजोरीतून, आपल्या अध्यापकाचे पुस्तक काढले आणि ते माद्रिदपर्यंत पोचले. आजच्या गुणपत्रकात अशा प्रकाशनाची नोंद 'स्थानिक' म्हणून होईल आणि त्याला खालच्या रकान्यातले गुण मिळतील. प्रकाशनाचे ठिकाण पाहून विचाराची प्रत ठरवणारी पद्धत 1928 मध्ये चालू असती, तर तिने आपल्या डोळ्यांदेखत घडलेले उत्तम काम ओळखले नसते. कान्टच्या मुखपानावरचे 'रिगा' हे नावही मला याच संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते.

त्सेल्म्स यांनी दुसरे काम केले ते लात्व्हियन वाचकासाठी. 1934 मध्ये 'वर्तमानाचे प्रश्न' आणि 1939 मध्ये 'सत्य आणि आभास' ही पुस्तके त्यांनी मातृभाषेत लिहिली. त्यांच्या पिढीपुढे तत्त्वज्ञानाची परिभाषा पक्की करण्याचे काम होते. जर्मन 'फोरश्टेलुंग' या शब्दाचा अर्थ समोर मांडणे; त्याच बांधणीने लात्व्हियनमध्ये 'प्रिएक्श्स्तात्स' हा प्रतिमा किंवा कल्पना या अर्थाचा शब्द रुळला. 'वाटणे' या क्रियापदापासून आभासाला 'श्कितुम्स' हा शब्द आला आणि तो ग्रंथाच्या नावातच विराजमान झाला. एखाद्या भाषेत आभास आणि सत्य यांतला भेद सांगता येऊ लागतो तो अशाच शब्दांमुळे, आणि वर्तमानपत्रातला अग्रलेख, शाळेतला निबंध, न्यायालयातला युक्तिवाद हे सारे पुढे त्याच शब्दांवर चालतात. हे काम दुसऱ्या भाषेत करून ठेवता येत नाही.

1940 च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजा आल्या, 1941 मध्ये जर्मन, आणि 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत. त्या वर्षी पश्चिमेकडे निघालेल्या लाखाहून अधिक लात्व्हियनांत त्सेल्म्स होते. जर्मनीत काही वर्षे काढून 1949 साली ते अमेरिकेला गेले आणि इलिनॉयमधील रॉक आयलंड येथील ऑगस्टाना कॉलेजात शिकवू लागले. हुसर्ल यांच्याशी तुल्यबळ वाद घालणाऱ्या माणसाला पुढे त्या तोडीचे संशोधनाचे वातावरण लाभले नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँचे अभ्यासक पाउल्स युरेविच्स ऑस्ट्रेलियाला पोचले. निबंधकार आणि विचारवंत झेंता माउरिन्या जर्मनी आणि स्वीडनमध्ये राहिल्या. एका पिढीचे तत्त्वज्ञान तीन खंडांत विखुरले. मागे राहिलेल्या विद्यापीठात मार्क्सवादी-लेनिनवादी तत्त्वज्ञान हेच अधिकृत ठरले, युद्धपूर्व पुस्तके ग्रंथालयांच्या बंद कक्षांत गेली आणि ती वाचायला परवानगी लागू लागली.

तरीही धागा तुटला नाही, आणि तो कसा टिकला हे सांगितलेच पाहिजे. 1970-80 च्या दशकांत रिगातल्या तत्त्वज्ञांनी 'समकालीन बूर्झ्वा तत्त्वज्ञानाची समीक्षा' या मान्यताप्राप्त चौकटीत हुसर्ल आणि त्यांच्या परंपरेचे गंभीर अध्ययन केले. शीर्षकात समीक्षा असे, आतल्या पानांत बारकाईने केलेले विवेचन असे. त्यांचे प्रबंध रशियन भाषेत लिहिले जात आणि पदवीवर शेवटचे शिक्कामोर्तब मॉस्कोतल्या आयोगाचे असे. स्वातंत्र्य परतल्यानंतर 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात याच लोकांच्या सोव्हिएत पदव्या तपासून लात्व्हियन डॉक्टरेटशी समकक्ष ठरवण्यात आल्या. पस्तिशी-चाळिशीच्या अभ्यासकाला आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागली, नवी भाषा शिकावी लागली, नवे वाचक शोधावे लागले, तेही पगाराची किंमत रोज घसरत असताना. माइया कूले आणि एला बुत्सेनिएत्से यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी या काळात देशाच्या विचारपरंपरेचा शोध हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय म्हणून उभा केला. 1993 मध्ये 'अनालेक्टा हुसर्लियाना' या आंतरराष्ट्रीय ग्रंथमालेचा बाल्टिक प्रदेशातील फिनॉमेनॉलॉजीवरचा खंड निघाला, आणि त्याच वर्षी युरिस रोझेनवाल्ड्स यांनी संपादित केलेली त्सेल्म्स यांच्या जर्मन लेखनाची नवी आवृत्ती जर्मनीतून प्रसिद्ध झाली. 1989 मध्ये अमेरिकेत वारलेल्या तत्त्वज्ञाचे लेखन जगाच्या ग्रंथालयांत पुन्हा आले ते अशा संपादकीय कष्टांमुळे. 'संपादन' या रकान्याला आजच्या मूल्यमापनात किती गुण मिळतात, हे विद्यापीठात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मॉस्कोचा आयोग आणि आजच्या सूची एकाच तागडीत घालणे मात्र अन्यायाचे होईल. त्या आयोगामागे पोलिसी राज्य होते. आजचा लात्व्हियन तत्त्वज्ञ हवे ते लिहू शकतो, हव्या त्या भाषेत छापू शकतो, आणि हा फरक फार मोठा आहे. साम्य एवढेच की दोन्ही व्यवस्थांत कामाच्या मोलाचा निर्णय ते काम वाचू न शकणाऱ्यांकडे जातो. सूची तयार करणाऱ्या कंपन्यांना लात्व्हियन वाचता येत नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही. दोष त्यांचा नाही. निवड समितीत बसलेल्या, ती भाषा वाचू शकणाऱ्या माणसांनी वाचण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले, दोष त्यात आहे.

या भूमिकेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक मला खरोखर वजनदार वाटतो. छोट्या भाषेत छोटे वर्तुळ तयार होते; सगळे एकमेकांचे विद्यार्थी, सहकारी, सोयरे. तेथे कोण कोणाला कठोर बोलणार? बाहेरच्या अनोळखी परीक्षकाची नजर नसेल तर राष्ट्रगौरवाचे लेखनही संशोधन म्हणून खपून जाते. हा धोका काल्पनिक नाही. 15 मे 1934 रोजी पंतप्रधान कार्लिस उल्मानिस यांनी संसद गुंडाळून एकछत्री सत्ता घेतली, आणि नंतरच्या सहा वर्षांत लात्व्हियन संस्कृतीचे राज्यपुरस्कृत गुणगान पुष्कळ झाले. आजचा इतिहासकार त्या काळातल्या लेखनाकडे हळवेपणाने पाहू लागला, तर त्याला अडवणारा कोणीतरी हवा. म्हणून बाहेरचे परीक्षक असावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण बाहेरचा म्हणजे इंग्रजीतलाच असे का? एस्टोनियात, लिथुआनियात, जर्मनीत, पोलंडमध्ये या इतिहासाच्या लगतचा इतिहास जाणणारे विद्वान आहेत, आणि स्वीडन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे स्थलांतरितांच्या पुढच्या पिढ्यांतले लात्व्हियन वाचणारे अभ्यासक आहेत. त्यांच्याकडून ग्रंथ वाचून घेणे आकडा पाहण्यापेक्षा खर्चिक आणि वेळखाऊ आहे, पण खरी परीक्षा तीच. उलट, इंग्रजी नियतकालिकाच्या परीक्षकाला लात्व्हियन येत नसेल, तर मूळ उताऱ्याचा अर्थ लेखकाने बरोबर लावला की नाही हे तो तपासूच शकत नाही. म्हणजे ज्या काटेकोरपणासाठी ही व्यवस्था आणली, तोच नेमक्या मर्माच्या ठिकाणी निसटतो.

वाचक किती, हा दुसरा आक्षेप मला तितका अवघड वाटत नाही. दर्शनशास्त्राच्या कठीण ग्रंथाला कोणत्याही भाषेत हजारोंनी वाचक मिळत नाहीत, आणि इंग्रजी निबंधांतलेही अनेक फारसे वाचले जात नाहीत. पैशाचा प्रश्न खरा आहे. लात्व्हिया आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्काही संशोधनावर खर्च करत नाही, आणि युरोपीय संघाची सरासरी दोन टक्क्यांच्या वर आहे. रक्कम तोकडी असली की ती वाटणाऱ्याला आकड्यांचा आधार सोयीचा वाटतो, हे मी समजू शकतो. पण विचारेतिहासाच्या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. त्याला लागतात पगार, अभिलेखागारे, अंकीकरण आणि प्रकाशनाचा खर्च. त्या मानाने ही मागणी लहान आहे.

ही चर्चा लात्व्हियापुरती नाही, याची दखल विद्यावर्तुळांनी घेतली आहे. 2015 मधल्या लायडन जाहीरनाम्याने संशोधनाच्या मापनाची जी तत्त्वे मांडली, त्यांत स्थानिक महत्त्वाच्या उत्तम संशोधनाचे रक्षण करावे असे एक स्पष्ट तत्त्व आहे. 2019 मधल्या हेलसिंकी पुढाकाराने विद्वत्तेच्या व्यवहारात अनेक भाषा जपण्याचे आवाहन केले. सह्या करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, पण निवड समितीच्या टेबलावरचा तक्ता त्या वेगाने बदललेला नाही.

मराठीतून तत्त्वज्ञान वाचणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. देविदास दत्तात्रेय वाडेकर यांच्या संपादनाखाली 1974 मध्ये तीन खंडांत निघालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश हे परिभाषा घडवण्याचेच काम होते. मे. पुं. रेगे यांनी 'नवभारत' मासिकातून आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या आसऱ्याने पाश्चात्त्य तर्कशास्त्र आणि भारतीय परंपरा यांची मराठीत जी समोरासमोर गाठ घालून दिली, ती कोणत्याही परदेशी सूचीत शोधून सापडणार नाही. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या पदोन्नतीला गुणांकांची पद्धत लावली, तेव्हा मराठी नियतकालिकांतले लेखन कोणत्या रकान्यात बसवायचे हा पेच आपल्याकडेही झाला. आपली भाषा आठ कोटींहून अधिक लोकांची आहे. एवढ्या मोठ्या भाषेत जर ही अडचण येते, तर वीस लाखांहून कमी लोकांच्या देशात एकेका अभ्यासकाची निवृत्ती केवढी पोकळी निर्माण करत असेल, याचा अंदाज आपल्याला येऊ शकतो. तेथे जुनी लात्व्हियन, बाल्टिक जर्मन आणि रशियन दफ्तर ही तिन्ही एकत्र वाचू शकणारे तत्त्वज्ञ कोणत्याही काळी मोजकेच असतात.

माझ्या मते लात्व्हियन विद्यापीठांनी आणि त्यांना पैसा देणाऱ्या राज्याने काही गोष्टी निःसंकोचपणे कराव्यात. मूळ ग्रंथांचे चिकित्सक संपादन, अभिजात ग्रंथांचा लात्व्हियन अनुवाद आणि परिभाषाकोश यांना स्वतंत्र संशोधनग्रंथाच्या बरोबरीचे स्थान द्यावे, कारण वीस वर्षांनंतरचा अभ्यासक यांच्यावरच उभा राहणार आहे. सहा वर्षांच्या निवडीत उमेदवाराने आपली उत्तम वाटणारी तीनच कामे पुढे ठेवावीत, ती कोणत्याही भाषेत असोत, आणि ती भाषा वाचणाऱ्या दोन परदेशस्थ अभ्यासकांनी ती वाचून लेखी मत द्यावे. अभ्यासकाकडूनही एक अपेक्षा रास्त आहे: त्याने लात्व्हियनमध्ये लिहिले तसे जर्मन, इंग्रजी किंवा रशियन वाचकासमोरही आपला युक्तिवाद मांडावा, आणि तेथे तो टिकतो का ते पाहावे. त्सेल्म्स यांनी दोन्ही केले. हुसर्लशी त्यांनी हुसर्लच्या भाषेत वाद घातला, आणि सत्य व आभास यांच्याबद्दल आपल्या विद्यार्थ्यांशी विद्यार्थ्यांच्या भाषेत बोलले.

त्या विद्यार्थ्यांपैकी जे मागे राहिले, त्यांच्या गुरूची पुस्तके रिगाच्या ग्रंथालयात पुढची चार दशके कुलपात होती. कुलूप निघाल्यानंतर ती पाने वाचू शकणारी, त्यांतले शब्द ओळखणारी आणि त्यांवर टिपा लिहू शकणारी माणसे तेथे हजर होती, म्हणूनच 1993 ची ती आवृत्ती निघाली. या वर्षी रिगात तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्याने जुनी लात्व्हियन आणि गॉथिक छाप शिकण्यात दोन वर्षे घालवायची ठरवली, तर पुढच्या निवडीत त्या दोन वर्षांची नोंद कोणत्या रकान्यात होईल, हे त्याच्या विद्यापीठाने त्याला आजच लेखी सांगायला हवे.